समाधानाचे वय



ज्या सभागृहात सतरंजीवर मांडी घालून मी अनेकांची व्याख्याने ऐकली, किंबहुना ऐकल्याचा बहाणा केला, त्याच सभागृहात आज व्यासपीठावर उभे राहताना मन संकोचते. त्यातून ही व्याख्यानमाला बाईंच्या नावाची. आमच्या इंदुरी मराठीत हिंदी केव्हा मिसळते हे आमचे आम्हांलाच कळत नसे. ‘बाई, मी येऊन राहिलो’ असे कोणी म्हटले की बाई हसत नसत, रागावतही नसत. ‘हो, तू येतो आहेस,’ एवढेच म्हणून तेच वाक्य सुधारून परत देत असत. माणसाला न दुखावता दुरुस्त करण्याची ती रीत मला पुढे आयुष्यभर उपयोगी पडली. बोलताना माझी वाक्ये चुकली तर आपणही मनातल्या मनात तसेच करावे, ही विनंती.

आजचा विषय आहे समाधान, आणि तेही विशीतले. समाधान हा शब्द आपण सहसा निवृत्तीनंतरच्या आयुष्यासाठी राखून ठेवतो. विशीतल्या मुलाने ‘मी समाधानी आहे’ म्हटले तर त्याला महत्त्वाकांक्षा नाही असे आपण धरून चालतो. माझे स्वतःचेही मत तेच होते. ते कसे बदलले, एवढेच मी सांगणार आहे. यात उपदेश कमी आणि कबुलीजबाब अधिक आहे.

मी १९७६ साली पदवीधर झालो, तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. रामबागेतले आमचे भाड्याचे घर दोन खोल्यांचे. घरात अण्णा, आई, धाकटी बहीण आणि मी. मुंबईच्या एका कंपनीकडून नेमणुकीचे पत्र आले आणि त्याच महिन्यात अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान झाले. एका डोळ्याची दृष्टी बरीचशी गेलेली होती, दुसरा डोळा औषधाच्या थेंबांवर टिकवायचा होता. कोणी मला ‘जाऊ नको’ म्हटले नाही. मीच ते पत्र घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवले आणि इंदुरातच बँकेत कारकुनी पत्करली. मित्र मुंबईला गेले, पुण्याला गेले, एक तर थेट अमेरिकेला पोहोचला. त्यांची पत्रे आली की मी ती दोनदा वाचत असे आणि रात्री माझे जेवण जात नसे. घरच्यांवर मी उपकार केला आहे, ही भावना माझ्या मनात मूळ धरून बसली होती. मित्रहो, त्याग केल्याची जाणीव ठेवून केलेला त्याग घराला फार महागात पडतो. मी घरात होतो, पण घरचा राहिलो नव्हतो.

या घुसमटीवर मी उपाय काढला तो प्रवासाचा. सुटी मिळाली की पहाटे निघायचे आणि आमच्या छोट्या लाईनीची गाडी पकडायची. या लाईनीसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोट रुपयांचे कर्ज दिले होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. महू सुटले की पाताळपाणी, मग घाट, बोगदे, पूल आणि खाली कालाकुंड. तिथे पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद खायचा. पुढे चोरल, बडवाह आणि नर्मदेवरचा पूल. कधी ओंकारेश्वर, कधी एस.टी.ने महेश्वर, कधी मांडू. महेश्वरच्या घाटावर तासन् तास बसून मी मुंबईला न गेल्याचे दुःख नर्मदेला सांगत असे. कोणत्या दिवशी कुठे गेलो याची एक वहीही मी ठेवली होती. त्या वहीत किती रुपये खर्च झाले हे आहे, कोणती गाडी चुकली हेही आहे. पण पहाटे चारला उठून डबा कोणी करून दिला, याची नोंद एकाही पानावर नाही.

१९७९ च्या श्रावणातली गोष्ट. रात्री उशिरा घरी परतलो. आई जागी होती. तिने ताट वाढले आणि मी आणलेल्या कलाकंदाचा पुडा सोडता सोडता सहज विचारले, ‘पाताळपाणीचा धबधबा गाडीतून दिसतो म्हणे. खरंच दिसतो का रे?’

मी घास हातात धरून तसाच राहिलो. आईचे माहेर बऱ्हाणपूरचे. १९५३ साली लग्न होऊन ती खांडव्याला गाडी बदलून याच लाईनीने इंदुरात आली होती. ती गाडी रात्रीची होती. पुढे माहेरचे घर मोडले, मामा नागपूरकडे गेले आणि त्या वाटेने परत जाण्याचे कारणच उरले नाही. ज्या घाटातून मी महिन्यातून दोनदा जात होतो, तो घाट आई सव्वीस वर्षांपूर्वी एकदाच, अंधारात चढून आली होती. तिच्या शब्दांत तक्रार नव्हती, साधे कुतूहल होते. आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. मी विशीत जे मिळाले नाही म्हणून कुढत होतो, ते मागायचे असते हेदेखील तिला तिच्या विशीत कोणी सांगितले नव्हते.

‘तुला घेऊन जातो’ असे मी त्याच क्षणी म्हणालो. ती म्हणाली, ‘आणि अण्णांचे थेंब?’ दर सहा तासांनी डोळ्यांत थेंब घालायचे असत. बहीण सकाळी कॉलेजात जाई. म्हणजे मी आईला घेऊन जाणे शक्य नव्हते. आई जाऊ शकत होती ती एकाच अटीवर, मी घरी राहिलो तर! एवढी सरळ गोष्ट ध्यानात यायला मला आणखी तीन आठवडे लागले, हे आज लाजत सांगतो.

भाद्रपद लागण्यापूर्वीच्या रविवारी आई, बहीण आणि शेजारच्या दोन काकू अशा चौघी ओंकारेश्वरला निघाल्या. त्या दिवशी मी घर पाहिले. पाच वाजता नळाला पाणी येते आणि ते कुणीतरी भरावे लागते. दूध उतू जाण्यासाठी आपली पाठ वळण्याचीच वाट पाहत असते. थेंब घालताना अण्णा श्वास रोखून धरतात, कारण त्यांना भीती वाटते. हे तीन वर्षांत मला माहीत नव्हते. वरण करपले. ते अण्णांनी मुकाट्याने खाल्ले आणि मग, कधी नव्हे ते, त्यांच्या तरुणपणच्या गोष्टी सांगत बसले. दिसत नसलेला माणूस बोलायला कोणाची तरी वाट पाहत असतो, हे मला त्या दुपारी कळले.

रात्री आई आली. धबधबा दिसला होता. बहिणीने तिला योग्य बाजूची खिडकी मिळवून दिली होती. त्यानंतर तासभर आई बोलत होती आणि आम्ही तिघे ऐकत होतो. बोगद्यात शिरताना काकूंनी हात कसा घट्ट धरला, परतीच्या वाटेवर घाट चढायला कालाकुंडला गाडीच्या मागे दुसरे इंजिन कसे लावले, नर्मदेत पाय बुडवल्यावर काय वाटले. आदल्याच वर्षी, १९७८ साली, नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरचा पल्ला गाठून इंदुरात आले होते. आई म्हणाली, ‘ती आपल्याकडे घाट चढून येते, मग आपण एकदा तिच्याकडे जायला नको?’ मी केलेल्या सर्व प्रवासांत मला सर्वांत अधिक समाधान देणारा प्रवास तो होता, आणि त्यात मी नव्हतो.

इथे मला बाईंनीच वाचायला दिलेले एक पुस्तक आठवते, विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’. शाळेत असताना आम्ही ते सत्तावनच्या बंडाच्या हकिगतींसाठी वाचले. आईच्या त्या सहलीनंतर मी ते पुन्हा वाचले आणि मला वेगळेच काही दिसले. तिशीच्या उंबरठ्यावरचा हा गृहस्थ १८५७ साली काकांसोबत कोकणातून निघाला तो घरचे कर्ज फिटावे म्हणून. आपल्या महूजवळ त्याला बंडाची चाहूल लागली, झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, वाटेत तो लुटला गेला. द्रव्य मिळवण्याचा हेतू धुळीला मिळाला. पण गंगाजलाची कावड त्याने खांद्यावरून वरसईपर्यंत आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. ज्या प्रवासातून घरी काहीतरी आणायचे असते आणि ते ज्यांच्यासाठी आणायचे ती माणसे दारात उभी असतात, तोच प्रवास पुरा होतो. मी मात्र तीन वर्षे कावड रिकामी घेऊन हिंडत होतो.

त्यानंतर आमच्या घरात पाळ्या ठरल्या. एका सुटीत मी जाई, दुसऱ्या सुटीत आई. वही तीच राहिली, पण तिच्यात अक्षरे दोन झाली. १९८१ साली बहिणीला वडोदऱ्याला नोकरी मिळाली. एकट्या मुलीला परगावी कसे पाठवायचे, म्हणून घरात कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी प्रथमच ठामपणे बोललो. ट्रंकेतले ते जुने पत्र मी अण्णांना वाचून दाखवले आणि म्हणालो, ‘मी राहिलो ते माझ्या मर्जीने. तिच्यावर राहण्याची सक्ती नको.’ असे बोलताच माझ्या ध्यानात आले की ते वाक्य मी खरोखरच मनापासून म्हटले होते. मी राहिलो ते माझ्या मर्जीने! हे मला पाच वर्षांनी कळत होते. पुढच्या वर्षी माझे लग्न झाले, आणि पाळ्यांची रीत आम्ही दोघांनी पुढे चालवली.

मित्रहो, जे गेले ते चुकले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझे मुंबईचे मित्र आपापल्या घरी सुखी झाले. समाधानाच्या नावाखाली कोणाच्या पायात बेडी घालणे हाही अन्यायच आहे, आणि आपल्या घरांतून तो विशेषतः मुलींवर आणि सुनांवर फार काळ झाला. मला एवढेच म्हणायचे आहे की समाधान कुठे राहिल्याने येते किंवा कुठे गेल्याने येते, हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या जाण्यासाठी कोण थांबले आहे आणि आपण कोणाच्या जाण्यासाठी कधी थांबलो, हा हिशेब ज्याने विशीत एकदा मांडला त्याला घर कोंडवाडा वाटत नाही आणि प्रवास पळवाट होत नाही. चाळिशीत हा हिशेब मांडता येतो, पण तोवर पुष्कळ देणी थकलेली असतात. काही धनकोही निघून गेलेले असतात.

इंदूरपर्यंत येणारी छोट्या लाईनीची ती गाडी आता राहिलेली नाही. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या टप्प्यावर २०१८ च्या डिसेंबरात पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली. तिला मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत. ती पाहायला आई नव्हती. पण वहीच्या एका पानावर तिच्या वळणदार अक्षरांत एक ओळ आहे. तारीख, तिकिटाचे पैसे आणि पुढे फक्त दोन शब्द: ‘धबधबा दिसला.’

समोर बसलेल्या तरुण मित्रमैत्रिणींना माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर ताट वाढणाऱ्या हातांना विचारा, तुमचे काय पाहायचे राहिले आहे? उत्तर कदाचित फार दूरचे नसेल. आणि त्यांना ते दाखवण्यासाठी कदाचित तुम्हांला बरोबर जावे लागणार नाही. एक दिवस घरी थांबावे लागेल.