बोरघाटाचा हजेरीपट



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इंग्रजी अमदानीतील मावळ हा विषय दिला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. या व्यासपीठावरून पुष्कळ पंडित बोलून गेले. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार चळवळीत जास्त झाले. म्हणून इतिहासाचे कागद मी कारखान्याचा पगारपट तपासावा तसे तपासतो. रक्कम कोणी दिली, कोणाच्या हातांतून गेली आणि शेवटच्या माणसाच्या पदरात किती पडली, हे मी आधी पाहतो. आजचे व्याख्यान याच नजरेने ऐकावे, एवढी विनंती आहे.

मावळ म्हटले की आपल्याला शिवकाल आठवतो, आणि ते योग्यच आहे. तिकोणा पेठेत उभे राहावे, तर डोक्यावर तिकोना असतो, पवनेच्या खोऱ्यापलीकडे तुंग दिसतो आणि उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडी दिसते. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहात ही चारही नावे आहेत. पुढे मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने हे किल्ले इंग्रजांसाठी घेतले, आणि आपल्या पुस्तकांतला मावळ बहुधा तेथेच संपतो. गड नांदता असला म्हणजे पायथ्याची पेठ नांदते. गडावरची शिबंदी उतरली, पण पेठेतली आणि खोऱ्यातली माणसे कोठे गेली नव्हती. १८१८ नंतर ती काय करीत होती?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर तिकोण्याच्या उत्तरेची डोंगररांग ओलांडून इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरावे लागते आणि तेथून पश्चिमेला खंडाळ्यापर्यंत जावे लागते. इंग्रजी राज्याचे मावळातले सर्वांत मोठे काम तेथे झाले. ते काम म्हणजे बोरघाट.

१८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी घाटातली गाडीवाट खुली केली. त्यापूर्वी माल चढायचा तो बैलाच्या पाठीवर आणि हमालाच्या डोक्यावर. मग रेल्वे आली. पुणे ते खंडाळा हा मार्ग १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला. खाली कोकणात गाडी खोपोलीपर्यंत आली होती. मधला घाट तेवढा राहिला होता. तो १८५६ साली खणायला घेतला आणि १८६३ साली पुरा झाला. जेम्स बर्कली हे मुख्य इंजिनिअर होते. सुमारे १६ मैलांच्या वाटेत १,८३१ फूट चढ, ३७ फुटांना १ फूट अशी जास्तीत जास्त चढण, २५ बोगदे आणि कमानींचे ८ मोठे पूल, असा त्या कामाचा पसारा होता. वाटेत एके ठिकाणी गाडीची दिशा उलटी करूनच पुढे चढावे लागे; ती सोय १९२९ साली मार्ग बदलल्यावर गेली.

हे आकडे कोणत्याही जुन्या वृत्तांतात सापडतात. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्यांची तपशीलवार नोंद आहे. त्याच वृत्तांतांत आणखी एक आकडा आहे, त्यावर मात्र आपण थांबत नाही. १८६१ साली घाटात ४२,००० माणसे कामावर होती.

बेचाळीस हजार! एखाद्या गिरणीत पाच हजार कामगार असले तर आपण तिला मोठी गिरणी म्हणतो. येथे एका डोंगरावर तसल्या आठ गिरण्यांइतकी माणसे होती. कडा इतका उभा, की पाय ठेवायला जागा नसे. तेथे माणसे दोराला लोंबकळून सुरुंगाची भोके पाडीत. बायका आणि पोरे डोक्यावर माती वाहत. पावसाळ्यात खडकाचे काम बंद पडे, आणि मुक्कामाला पटकी येई. कुटुंबेच्या कुटुंबे वस्तीला होती, त्यामुळे रोग आला म्हणजे तो घरेच्या घरे रिकामी करी.

आता पगारपट उघडू या. कंपनीने काम दिले विल्यम फॅविएल या इंग्रज कंत्राटदाराला. त्याने तुकडे पाडून ते पोटकंत्राटदारांना दिले. पोटकंत्राटदाराने मुकादम गाठले आणि मुकादमाने उचल देऊन टोळ्या आणल्या. म्हणजे पैसा वरून निघाला तो चार हातांतून खाली यायचा. ज्याने कामगारांत काम केले आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. वरच्या हाताने उशीर केला की खालचा हात रिकामा राहतो, आणि विचारायला गेले तर प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो.

जानेवारी १८५९ मध्ये तेच झाले. मजुरी थकली, मजुरांचा संयम सुटला आणि घाटात दंगा झाला. युरोपियन देखरेखदारांना मार बसला. सरकारने चौकशी केली. त्याच वर्षी फॅविएलचे कंत्राट संपुष्टात आले आणि काम सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे गेले. ते हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारले. मग त्यांची पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्या नावावर पुढे चालवले आणि घाट तडीस नेला. बाई धीराची होती, यात शंका नाही.

पण त्या दंग्याचे फळ काय? १८६० साली कायदा झाला: रेल्वे, कालवे आणि अशाच सार्वजनिक कामांवरच्या मालक-मजुरांच्या तंट्यांचा झटपट निकाल लावण्याचा. मुंबई इलाख्यातल्या रेल्वेच्या कामांवरचे तंटे हे त्याचे एक मुख्य कारण होते. मजुरीची तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे नेता येईल, असे त्यात होते, आणि ते बरेच होते. पण त्याच कायद्याने काम सोडणाऱ्या मजुराला कैदेची वाट दाखवली. मालकाने पैसे बुडवले तर वसुली, आणि मजुराने काम टाकले तर तुरुंग! हा कायदा रद्द झाला १९३२ साली. ज्या रॉयल कमिशनने त्याच्या रद्दीची शिफारस केली, त्यावर आपले नारायण मल्हार जोशी सभासद होते. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती भरावी, हे तत्त्व कंत्राटी कामगारांच्या कायद्यात यायला १९७० साल उजाडले. बोरघाटात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला एकशे दहा वर्षे लागली.

म्हणून मी म्हणतो, मावळाचा इंग्रजी अमदानीतला इतिहास ही फावल्या वेळेची हौस नाही. आज जे कामगाराच्या हक्काचे आहे, त्याची पहिली किंमत या डोंगरात भरली गेली आहे.

हा इतिहास शोधायचा कसा, असे तरुण मंडळी विचारतात. मुंबईच्या पुराभिलेखागारात सरकारी दप्तरे आहेत. १८४९ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘ज्ञानप्रकाशा’चे जुने अंक आहेत. गॅझेटिअर तर कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात मिळते. पण एक ध्यानात ठेवावे. हे बहुतेक कागद काम करवून घेणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. त्यात ‘मजूर पळाले’ असे असेल तेथे, मजुरी केव्हा मिळाली होती, हे विचारावे. ‘मजूर आळशी आहेत’ असे असेल तेथे महिना कोणता होता आणि पटकी होती का, ते पाहावे. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा पूल कोसळला, तेव्हा त्याच्या दगड-चुन्याची बारकाईने चर्चा झाली. दगडाला मिळालेले हे लक्ष माणसालाही मिळावे, एवढाच आपला आग्रह आहे.

आपल्या बाजूने लिहिणारा माणूस असला म्हणजे काय फरक पडतो, ते शेजारच्याच खोऱ्यात दिसते. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. धरण झालेच आणि गावे पाण्याखाली गेली. पण विनायकराव भुस्कुटे यांनी त्या लढ्याचा वृत्तांत लिहून ठेवला, म्हणून हरलेले मावळे आजही आपल्याशी बोलतात. बोरघाटाच्या मजुरांना असा लेखक मिळाला नाही.

राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून शिवकालाचे कागद वाचवले. त्यांना वाड्यांतली दप्तरे मिळाली. आपल्याला झोपड्यांतून जायचे आहे. ज्या घरांत पाथरवटाचे, वडाराचे, मुकादमाचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तेथे जाऊन विचारा. आडनावे, गाव सोडल्याच्या आठवणी, घाटातल्या देवाला बोललेले नवस, जुनी खतपत्रे, जे मिळेल ते तारखेसह, सांगणाऱ्याच्या नावासह वहीत उतरवा. एका शाळेने एक गाव घेतले तरी पाच वर्षांत तालुक्याची वही तयार होईल.

आपण सर्वजण पुण्या-मुंबईला जाताना हा घाट ओलांडतो. बोगद्यात गाडी शिरली की मुले मोजू लागतात, हा पहिला, हा दुसरा. त्यांना बोगद्यांबरोबर आणखी एक आकडा शिकवा: बेचाळीस हजार. त्यांचा हजेरीपट भरायचा राहिला आहे, आणि ते काम आपल्याकडे आले आहे.