वर्ग पुन्हा भरतो तेव्हा



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हल्ली एक नवा उत्सव सुरू झाला आहे. पन्नास वर्षांपूर्वी एका वर्गात बसलेली आणि आता आजी-आजोबा झालेली माणसे एखाद्या मंगल कार्यालयात जमतात. फेटे बांधतात, हयात असलेल्या गुरुजींना शाल-श्रीफळ देतात, दिवंगतांसाठी दोन मिनिटे स्तब्ध उभी राहतात. मग हजेरी घेतली जाते आणि पासष्टीची माणसे 'हजर, सर' म्हणून ओरडतात. कोणी याला पोरकटपणा म्हणतील. मी तसे म्हणणार नाही. आपल्याला अरे-तुरे करणारी माणसे वयाबरोबर कमी होत जातात. आईवडील जातात, थोरली भावंडे जातात. घरात आपण सर्वांत वडील होऊन बसतो. मग नावाने हाक मारावयाला वर्गमित्रच काय ते उरतात. त्या एका हाकेसाठी कोणी पुण्या-मुंबईहून रात्रभर प्रवास करून आला, तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

पण मला आज बोलावयाचे आहे ते या मेळाव्याला जे येत नाहीत त्यांच्याविषयी.

उदाहरणादाखल १९७५ सालचा वर्ग घ्या. त्या वर्षी महाराष्ट्रात जुन्या पद्धतीची अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या पद्धतीची दहावीची पहिली तुकडी, अशा दोन्ही तुकड्या शालान्त परीक्षेला बसल्या. २०२५ साली त्यांना पन्नास वर्षे झाली. त्या वेळी वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत एकच जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला आणि वैनगंगेच्या दोन तीरांवरचे वर्गमित्र दोन जिल्ह्यांचे रहिवासी ठरले.

तेव्हा हायस्कुले थोडी आणि जंगल अफाट. म्हणून तालुक्याच्या गावी जो वर्ग भरे, त्यात सारा मुलूख येऊन बसे. फॉरेस्ट गार्डाचा मुलगा, बांबू तोडणाऱ्याचा मुलगा, कोष्ट्याचा, ढिवराचा, गोंडाचा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांच्या हातून ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांची मुले. मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेल्या बंगाली निर्वासितांची मुले. कोणाच्या घरी झाडीबोली, कोणाच्या घरी गोंडी, सिरोंच्याकडच्याच्या घरी तेलुगू. पुस्तक मात्र सर्वांना मराठी. पुढे आयुष्यात ही माणसे एका पंगतीला क्वचितच बसली असतील.

हा वर्ग पाचवीत जेवढा भरलेला असे, तेवढा मॅट्रिकपर्यंत राहत नसे. रोवणीच्या दिवसांत चार मुले कमी होत. वार्षिक परीक्षा आणि मोहफुले वेचण्याचे दिवस तर एकाच सुमारास येतात. ज्या घरी मोहावर पावसाळा काढावयाचा असतो, त्या घरी पोराने कोठे जावे हे ठरलेलेच असते. नाल्याला पूर आला की वाट बंद. मुलीचे लग्न ठरले की शाळा बंद. बाप गेला की थोरल्या मुलाचे दप्तर खुंटीला.

आता मेळाव्याची यादी कशावरून होते ते पाहा. निरोपाच्या दिवशी काढलेला फोटो कोणाच्या तरी पेटीत असतो. त्यातल्या चेहऱ्यांवर बोट ठेवीत मोबाईल नंबर जमविले जातात. म्हणजे जो शेवटपर्यंत टिकला त्यालाच आमंत्रण. जो सातवीत गळाला, त्याला शाळेने एकदा वगळले आणि पन्नास वर्षांनी मित्रांनी दुसऱ्यांदा वगळले. वाईट हेतूने नव्हे. फोटोत तो नव्हता एवढेच.

प्रत्येक शाळेत दाखलखारीज नावाचे एक रजिस्टर असते. त्यात दाखल झाल्याची तारीख असते, शाळा सोडल्याची तारीख असते आणि सोडण्याचे कारणही असते. नाव कमी झालेल्या कितीतरी मुलांपुढे दोनच शब्द लिहिलेले असतात : 'सतत गैरहजर'. रोवणी, मोह, पूर, लग्न, बापाचे मरण, सारे त्या दोन शब्दांत मावते. माझी सूचना साधी आहे. मेळाव्याची यादी फोटोवरून करू नका. मुख्याध्यापकांना भेटून त्या रजिस्टरावरून करा. ज्याने आपल्याबरोबर एक वर्ष का होईना पाटी धरली, तो आपला वर्गमित्र.

मुलींचा शोध कठीण आहे. लग्नानंतर आडनाव बदलते, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. त्यांचा पत्ता माहेरच्या गावी जाऊनच लागेल. कोणीतरी मोटारसायकल काढली पाहिजे.

हे लोक आले तर मेळावा पूर्वीइतका गोड राहणार नाही, हेही सांगून ठेवतो. शाळेच्या पाण्याच्या माठाची आठवण सर्वांची सारखी नसते. आपण ज्या टोपणनावाने एखाद्याला हसत हाक मारली, ते त्याला त्या काळीही आवडत नसेल. १९८० नंतरच्या वर्गांची फाटाफूट तर अधिक दारुण आहे. एका बाकावरचा एक मुलगा पोलिसांत गेला आणि दुसरा दलमात, असेही या जंगलाने पाहिले. तेथे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहताना कोणाकोणासाठी उभे राहावयाचे, हा प्रश्न सोपा नाही. तो टाळण्यापेक्षा एकत्र बसून सोसावा, असे मला वाटते.

गळती हे विधिलिखित नाही, याची साक्षही याच मुलुखात आहे. भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली माडिया मुलांसाठी आश्रमशाळा काढली. तेथे शिकलेल्यांतून डॉक्टर झाले, वकील झाले, शिक्षक झाले. राहावयाला जागा, पोटाला अन्न आणि दुखण्याला औषध जवळ असले की मूल शाळेत टिकते. आपल्या वर्गातून गळालेल्यांची बुद्धी कमी नव्हती, एवढे तरी यावरून मान्य करावे.

शेवटी तीन विनंत्या. मेळाव्याची वर्गणी ज्याला जमेल त्याने गुपचूप द्यावी. किती दिली हे फलकावर लिहू नये. ओळख करून देताना हुद्दा सांगू नये, गाव सांगावे. आणि ज्याला येण्याची ताकद नाही किंवा लाज वाटते, त्याच्या दारी दोघांनी आधी जाऊन यावे. तो कदाचित म्हणेल, "मी कोठे शिकलो तुमच्यासंगे?" त्याला त्या रजिस्टरातली तारीख सांगावी.

हजेरी त्याच्याही नावाची व्हावी.