मोजके आणि नेमके



चेन्नईतील अंबत्तूर हे एके काळी सायकलींच्या कारखान्यासाठी ओळखले जाई. आज तेथील औद्योगिक वसाहतीत संगणक कंपन्यांचीही कार्यालये आहेत. अशा कार्यालयांत निरनिराळ्या मातृभाषांची माणसे पडद्यावरची एकच ओळ वाचून पुढचे पाऊल ठरवतात. कमांड टाइप करून चालवायच्या साधनांत चित्रे नसतात, बटणे नसतात. ती ओळ हाच त्या साधनाचा आवाज.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्या काळी संगणकाचे उत्तर टेलिटाइप यंत्राच्या कागदावर उमटे, तेही सेकंदाला सुमारे दहा अक्षरे या गतीने. म्हणून काम झाले तर गप्प राहावे, चुकले तरच बोलावे, हा शिरस्ता पडला.

परंतु मौन कधी महाग पडते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एक अभियंता रात्री उशिरा दुय्यम सर्व्हरवर माहितीची प्रत घेत होता. त्याने दिलेली कमांड मुख्य सर्व्हरच्या प्रतिसादाची वाट पाहत होती. पण तसे सांगत नव्हती. जुन्या फाइलींमुळे काम अडले असावे, असे समजून त्याने त्या पुसल्या आणि त्या निघाल्या मुख्य सर्व्हरवरच्या. सुमारे ३०० गीगाबाइट माहिती पुसली गेली. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. इतर व्यवस्थाही त्या दिवशी अपुऱ्या ठरल्या, हे खरे. तरीही ‘मुख्य सर्व्हरची वाट पाहत आहे’ एवढी एक ओळ त्याचा हात थांबवू शकली असती.

चांगला संदेश तीन गोष्टी सांगतो : काय झाले, कशाचे झाले, आता काय करावे. ‘त्रुटी आली’ याने कोणाचेच काम होत नाही. ‘निकालाची फाइल सापडली नाही, नाव तपासा’ याने होते. मराठीत तर अधिक काळजी हवी. ‘१ फाइल पुसली’, पण ‘३ फाइली पुसल्या’. ‘फोल्डर उघडले’, पण ‘फाइल उघडली’. शब्दांचे सुटे तुकडे जोडून असे वाक्य सिद्ध होत नाही.

विद्यार्थिमित्रहो, मराठीच्या तासाला सारांशलेखन शिकताना अनावश्यक ते गाळायचे आणि आवश्यक ते राखायचे, हाच अभ्यास होतो. उद्या तुमच्यापैकी कोणी असे संदेश लिहील. ते वाचणारा माणूस थकलेला असेल, घाईत असेल, हे ध्यानात ठेवून लिहा.