कोवळे हृदय आणि कर्करोगावरील औषध



नाशिक जिल्ह्यातील बालके रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांसाठी मुंबईस, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. बरी होऊन परतलेल्या मुलांच्या रक्ताइतकीच काळजी आम्हांस त्यांच्या हृदयाची वाटते. त्याचे कारण आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध १९६० च्या दशकात इटलीत, मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले. त्याने असंख्य जीव वाचविले. परंतु एकूण मात्रा वाढते तसतशी हृदयाच्या स्नायूस इजा होते. ही इजा लहानग्यांना अधिक का व्हावी?

याचे उत्तर बऱ्याच अंशी उंदरांनी दिले. प्रत्येक पेशीत स्वतःचा नाश घडविणारी यंत्रणा असते. अमेरिकेतील डेना-फार्बर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखविले की, उंदराच्या पिल्लांच्या हृदयात, मेंदूत व मूत्रपिंडांत ती सज्ज असते, तर प्रौढ उंदराच्या हृदयात जवळजवळ निद्रिस्त. पेशींच्या वाढीस चालना देणारे मिक हे जनुकच ही यंत्रणाही जागी ठेवते. उंदरांचे निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लावू नयेत हे खरे. मात्र मानवी ऊतींतही वयानुसार हाच क्रम आढळला.

रुग्णालयांतील अनुभव तर त्याआधीचाच आहे. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये, एक ते पंधरा वर्षांपूर्वी हे औषध घेतलेली मुले तपासली. निम्म्याहून अधिकांच्या हृदयात दोष होता, आणि चार वर्षांखालील वयात औषध घेतलेल्यांच्या हृदयावर ताण विशेष होता. शरीर वाढते, पण नष्ट झालेल्या पेशी भरून येत नाहीत; पातळ भिंतींच्या हृदयास मोठ्या देहाचा भार वाहावा लागतो. वृद्धांनाही धोका असतो, पण तेथे कारण निराळे: हृदयाची राखीव शक्तीच ओसरलेली असते.

टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांच्या पाठपुराव्यासाठी १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. तरीही मूल हसते-खेळते दिसू लागले की पालक तपासणीस येईनासे होतात, हे स्वाभाविकच आहे. आमची विनंती एवढीच की, औषधाच्या एकूण मात्रेची नोंद असलेला कागद त्यांनी जपून ठेवावा व सांगितलेल्या मुदतीत हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिल्यास तो कागद प्रथम भेटीतच प्रसूतितज्ज्ञांस दाखवावा. त्या महिन्यांत हृदयावरील भार वाढलेला असतो.