मीठ टाकण्याचा हुकूम कोण देतो?



आपला नंदुरबार जिल्हा समुद्रापासून दूर. प्रकाशाची तापी पुढे सुरतेकडे जाऊन खंबायतच्या आखाताला मिळते, एवढाच आपला समुद्राशी संबंध. दुसरा बाजारातल्या सुकटीचा. तरी आजची गोष्ट खाऱ्या पाण्याचीच आहे.

समुद्राच्या शंभर भाग पाण्यात साडेतीन भाग क्षार असतात. इतके दाट मीठ आपली मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नाहीत. म्हणून बुडत्या जहाजावरचा खलाशी ते पाणी प्याला, तर प्यालेल्याहून अधिक पाणी लघवीवाटे गमावतो आणि तहानेनेच मरतो.

मग कुरव पक्षी, ज्याला इंग्रजीत सीगल म्हणतात, तो कसा जगतो? १९५७-५८ च्या सुमारास क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने एका कुरवाला त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके समुद्राचे पाणी पाजले. तीन तासांत बहुतेक सारे मीठ बाहेर! डोळ्यांवरच्या दोन ग्रंथींतून समुद्राहूनही खारट द्रव निघतो आणि नाकपुड्यांवाटे चोचीवरून ठिबकतो. कासवांची अशी ग्रंथी डोळ्यांपाशी असते. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालावयास येणारी कासवीण रडते असे पाहणाऱ्यास वाटते. ती मीठ टाकीत असते.

पण खरी मौज पुढेच आहे. ही ग्रंथी सदा वाहत नाही. मग तिला हुकूम कोण देतो? पक्ष्याच्या रक्तात मिठाऐवजी साखरेचे दाट पाणी सोडले, तरीही ती वाहू लागते! म्हणजे शरीर मीठ मोजीत नाही, रक्ताचा दाटपणा मोजते. दाटपणा वाढला की मेंदूकडून मज्जातंतूवाटे निरोप येतो. पक्ष्याला भूल दिली, तर निरोप थांबतो आणि ग्रंथीही थांबते.

मुशीची, म्हणजे शार्कची, तऱ्हा निराळी. तिची ग्रंथी आतड्याच्या शेवटाशी असते. तिचे काम १९६० साली बर्गर व हेस यांनी उलगडले. युरिया साठवून मुशीचे रक्त मुळातच समुद्राइतके दाट असते. तेथे दाटपणा मोजून काय उपयोग? १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले की, तिच्या शरीरात रक्ताचे आकारमान मोजले जाते. रक्त वाढून हृदय ताणले गेले की, हृदयातून एक रासायनिक निरोप निघतो आणि ग्रंथी मीठ ओतू लागते. हृदयाने असा कारभार पाहावा, हे मला तरी फार नवलाचे वाटते.

आपल्याकडे हृदयविकाराने पायांवर सूज आली की, डॉक्टर लघवी वाढविणारी फ्युरोसेमाइडची गोळी देतात. मूत्रपिंडात सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड यांना एकत्र वाहून नेणारे जे प्रथिन असते, त्याला ती अडविते. मग मीठ रक्तात परतत नाही, आणि त्याच्यामागोमाग पाणी लघवीतून जाते. त्याच घराण्यातले प्रथिन मुशीच्या ग्रंथीतही असते. तिच्यावर हे औषध सोडले, की तिचे मीठ वाहणे बंद पडते.