उदासी पंथाची वहिवाट



कामगार चळवळीत हयात घालवलेल्या माणसाने साधूंच्या पंथावर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. धर्मशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण दहा जणांच्या पैशाने उभी राहिलेली मालमत्ता कोणाची, ती सांभाळायची कोणी, आणि सांभाळणारा तिचा धनी कसा होऊन बसतो, हा प्रश्न मात्र खास आमच्या धंद्यातला आहे. त्या प्रश्नाचा मोठा दाखला आम्हांला उदासी पंथाच्या इतिहासात सापडला, म्हणून मिळतील तशी पुस्तके मिळवून आम्ही हा विषय वाचला.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपल्या मराठीत उदास म्हणजे तोंड पाडून बसलेला. येथे तो अर्थ नाही. उदासीन हा गीतेतला शब्द आहे. जो अलिप्त राहून पाहतो, ज्याला लाभहानीचे काही चिकटत नाही, तो उदासीन. पंजाबात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. गुरू नानकांनी घर सोडून ज्या दूरदूरच्या यात्रा केल्या त्यांनाही ‘उदासी’ म्हणतात.

गुरू नानकांना दोन मुलगे. थोरले श्रीचंद, धाकटे लखमीदास. श्रीचंदांचा जन्म १४९४ सालचा, सुलतानपूर लोधीचा. नानक तेव्हा तेथील नबाबाच्या कोठारावर कारकुनी करीत. पुढे यात्रा संपवून नानक रावीकाठी कर्तारपूरला स्थिरावले आणि तेथे त्यांनी स्वतः शेती केली. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. कष्ट करावे, नाम घ्यावे, वाटून खावे, ही त्यांची शिकवण, आणि ती त्यांनी नांगर हाती धरून दिली. अंगाला राख फासून रानात बसणाऱ्यांना त्यांनी फारसा मान दिला नाही. आणि नेमका त्यांचाच थोरला मुलगा आजन्म ब्रह्मचारी राहिला, धुनी पेटवून बसला, अंगाला भस्म लावू लागला!

१५३९ साली नानकांनी देह ठेवण्यापूर्वी गादी दिली ती मुलाला नव्हे, लहणा नावाच्या शिष्याला. तेच गुरू अंगद. बापाने मुलाला डावलून बाहेरच्या माणसाला वारस नेमावे, ही गोष्ट त्या काळी काय, आजही आपल्या राजकारणात दुर्मिळच. श्रीचंदांनी वडिलांच्या स्मरणार्थ समाधी उभारली आणि आपला वेगळा मार्ग धरला. दोन्ही बाजूंनी अढी राहिली असणारच. तिसरे गुरू अमरदास यांनी तर शीख हा संसारी माणसाचा मार्ग आहे, उदासींचा नव्हे, असा स्पष्ट निवाडा दिला.

पण ही अढी वैरापर्यंत गेली नाही. श्रीचंदांना परंपरा शंभराहून अधिक वर्षांचे आयुष्य देते. गुरू रामदास आणि श्रीचंद यांच्या भेटीची कथा पंजाबात सर्वांच्या तोंडी आहे. श्रीचंदांनी थट्टेने विचारले, दाढी एवढी लांब का वाढवली? गुरूंनी उत्तर दिले, आपल्यासारख्यांच्या पायांची धूळ पुसायला. हा इतिहास नव्हे, कथा आहे. पण दोन घरांत बोलणे बंद झाले नव्हते एवढे तिच्यातून कळते.

पुढची घटना तर आम्हांला अतिशय गमतीची वाटते. सहावे गुरू हरगोविंद यांनी आपला थोरला मुलगा गुरदित्ता याला श्रीचंदांच्या पदरात घातले, आणि श्रीचंदांनी त्यालाच आपला वारस केले. हा गुरदित्ता (१६१३–१६३८) संसारी होता, बायकामुलांचा होता. त्याचाच मुलगा हरराय पुढे सातवा गुरू झाला. म्हणजे संन्याशांच्या पंथाचा प्रमुख गृहस्थ, आणि गृहस्थांच्या गुरूचा बाप संन्याशांचा प्रमुख! धर्माच्या चौकटी आपण आज जितक्या घट्ट समजतो तितक्या त्या तेव्हा नव्हत्या.

गुरदित्त्याने चार शिष्य नेमले: अलमस्त, बालू हसना, गोंदा आणि फूलसाहेब. त्यांच्या चार शाखांना ‘धूआं’ म्हणतात, धुनीच्या धुरावरून. पुढच्या गुरूंनीही काही साधूंना प्रचाराचे अधिकार दिले. त्या शाखांना ‘बक्षीस’ असे नाव आहे. त्यांतले भगत भगवान हे बोधगयेकडचे, आणि त्यांच्यामुळे पंथ बिहारात पसरला. अलमस्त तराईतल्या नानकमत्त्याला गेले. जेथे शीख सैनिक कधी पोचला नव्हता अशा ठिकाणी नानकांचे नाव या भगव्या मंडळींनी पोचवले.

शिकवणीबद्दल थोडक्यात सांगतो. श्रीचंदांच्या नावाने ‘मात्रा’ म्हणून रचना प्रसिद्ध आहे. तिच्यात गोदडी, टोपी, लंगोटी अशा बैराग्याच्या वस्तूंना ज्ञान, शील, संयम असा आतला अर्थ लावून दिला आहे. तत्त्वज्ञान बव्हंशी अद्वैताचे, मुक्ती ज्ञानाने. व्यवहारात मात्र सर्वांना जागा: शिव, विष्णू, देवी, गणपती, सूर्य या पाच देवांची पूजा, श्रीचंदांची मूर्ती, भस्माचा गोळा, आणि त्याच छपराखाली गुरू ग्रंथसाहिबाचे वाचन. त्यांच्यात पंडितही झाले. आनंदघन नावाच्या उदासीने १७९५ साली जपजीवर वेदान्ताच्या अंगाने टीका लिहिली. ती इतकी खटकली की भाई संतोखसिंगांना १८२९ साली तिच्या खंडनासाठी वेगळा ग्रंथ रचावा लागला. विद्वानांची भांडणे अशीच सावकाश चालतात!

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १७१६ मध्ये बंदा बहादुराला दिल्लीत मारल्यावर खालशाचे वाईट दिवस आले. केस आणि कृपाण ही ओळखच जिवावर बेतू लागली. खालसा रानात, डोंगरात गेला. मग गुरूंच्या स्थानांवर दिवा कोणी लावायचा? उदासी साधूंनी. त्यांच्यावर खालशाची खूण नव्हती, म्हणून सुभेदाराची नजर त्यांच्यावर पडत नसे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ग्रंथ वाचला, लंगर चालवला, मुलांना गुरुमुखी अक्षरे शिकवली. अमृतसरच्या सरोवरात रावीचे पाणी आणणारा जो ‘हंसली’ नावाचा पाट आहे, तो १७८१ च्या सुमारास खोदवला तो प्रीतमदास आणि संतोखदास या दोन उदासी महंतांनी. भाविकाला तेथे तीर्थ दिसते. आमच्यासारख्याच्या डोळ्यांपुढे कुदळी आणि घमेली येतात. हे ऋण नाकारून या पंथाचा इतिहास कोणी लिहू नये.

याच निर्वाण प्रीतमदासांनी उदासींचा पंचायती आखाडा स्थापन केला. त्याचे मुख्य ठाणे प्रयागला. त्यासाठी द्रव्य दक्षिणेतल्या हैदराबादेहून मिळाले असे परंपरा सांगते. आखाड्याची घडण ध्यानात घेण्याजोगी आहे. चार धूआंचे चार महंत, आणि कारभार पंचांच्या विचाराने. संपत्ती आखाड्याची, एकट्यादुकट्याची नव्हे.

उलट गावोगावच्या गुरुद्वारांत काय झाले पाहा. महाराजा रणजितसिंग व इतर सरदारांनी या स्थानांना जमिनी लावून दिल्या. १८४९ मध्ये इंग्रज आले. त्यांच्या जमाबंदीत प्रत्येक जमिनीपुढे एक नाव हवे. गुरूचे नाव सातबाऱ्यावर कसे लावणार? हजर असलेल्या महंताचे लागले. पुढे कालवे आले, ओसाड जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि वहिवाटदार महंत जमीनदार झाला. शिष्य वारस होऊ लागला, कोठे मुलगाही. लंगर आटले, बैठकी रंगल्या. यात प्रत्येक महंत मुळात दुष्ट होता असे आम्ही मानत नाही. आम्ही एका युनियनची कचेरी पाहिली आहे. कामगारांच्या आण्या-आण्यांच्या वर्गणीने ती बांधली, आणि सोयीसाठी म्हणून कागद एका पदाधिकाऱ्याच्या नावे केले. माणूस सज्जन होता. तो वारला आणि तेराव्या दिवशी वारसांनी कुलूप घातले. एका कागदाने सज्जनाच्या घरी जे केले, ते पंजाबात साठ-सत्तर वर्षे शेकडो ठिकाणी होत राहिले.

१९२० साली गुरुद्वारे मोकळी करण्याची अकाली चळवळ सुरू झाली. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती त्याच वर्षीची. नानकांच्या जन्मस्थानी, ननकानासाहेबला, नारायणदास नावाचा उदासी महंत होता. २० फेब्रुवारी १९२१ रोजी लछमनसिंग धारोवाली यांचा जथा तेथे गेला, तेव्हा महंताने भाड्याने ठेवलेल्या लोकांनी देवळातच गोळ्या झाडल्या, कुऱ्हाडी चालवल्या आणि मृतांना व अर्धमृतांना जाळले. शंभराहून अधिक माणसे गेली. ज्या पंथाने शतकभर त्या दिव्याला तेल घातले त्याच्या एका वारसाने हे करावे!

दुसऱ्या वर्षी गुरू का बाग येथे प्रकरण उभे राहिले ते सरपणावरून. लंगरासाठी गुरुद्वाराच्या जमिनीतली बाभळ तोडली, तेव्हा महंत सुंदरदासाने ती जमीन आपल्या मालकीची म्हटले आणि ऑगस्ट १९२२ मध्ये अकालींना चोरीखाली धरले. मग रोज जथा यायचा, पोलीस लोहबंद काठ्यांनी झोडपायचे, आणि हात न उगारता माणसे पडायची. सी. एफ. अँड्र्यूज यांनी सप्टेंबरात हे डोळ्यांनी पाहिले आणि जगाला कळवले. पाच हजारांवर लोक तुरुंगात गेले. आम्ही अनेक संप पाहिले, काही चालवले. मार खाताना हात खाली ठेवणे म्हणजे काय, हे लाठीखाली उभा राहिलेलाच जाणतो. शेवटी नोव्हेंबरात सर गंगाराम यांनी ती जमीन महंताकडून पट्ट्याने घेतली आणि आपल्याला पोलीस बंदोबस्त नको असे कळवले. सरकारची अब्रू अशी झाकली गेली. १९२५ च्या कायद्याने गुरुद्वारे निवडून आलेल्या समितीकडे आली.

पण या विजयाचे एक फळ कडू निघाले. मालमत्ता वाचवण्यासाठी महंतांनी न्यायालयात सांगितले, आम्ही शीख नाही, हिंदू आहोत. कायद्यालाही एकच उत्तर हवे होते. जे घर दोन दारांचे होते त्याचे एक दार कोर्टाच्या शिक्क्याने बंद झाले. जमिनीचा दावा होता, निकाल मात्र माणसांच्या श्रद्धेचा लागला.

सिंधमध्ये हे दार बराच काळ उघडे राहिले. सक्करजवळ सिंधूच्या पात्रातल्या बेटावर बनखंडी महाराजांनी १८२३ साली साधबेला हे उदासींचे ठिकाण वसवले. सिंधी हिंदूंच्या घरी नानक आणि झुलेलाल शेजारी बसत. १९४७ नंतर ही माणसे आपल्याकडे आली. साधबेल्याची गादी मुंबईत आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. तेथल्या दरबारात आजही ग्रंथसाहिबापुढे माथा टेकून माणूस देवीला हळद-कुंकू वाहतो. आणि कोणाला सिंहस्थात पाहायचे असेल तर शैव आखाड्यांबरोबर उदासीन आणि निर्मळ आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नानाला येतात. वैष्णव मंडळी नाशिकला रामकुंडावर.

जानेवारी २०२३ मध्ये इंदूरला काही शीख मंडळींनी सिंधी दरबारांत जाऊन आक्षेप घेतला की ग्रंथसाहिबाजवळ मूर्ती नकोत, मर्यादा पाळा नाहीतर ग्रंथ परत करा. त्यांच्या दृष्टीने त्यात ग्रंथाचा सन्मानच होता. सिंधी लोकांनी वाद घातला नाही. फाळणीतून वडीलधाऱ्यांनी सांभाळून आणलेल्या परंपरेचे ते ग्रंथ त्यांनी डोक्यावर घेतले आणि गुरुद्वारात नेऊन ठेवले.