कोच निवडताना आधी प्रश्न, मग नाव

(वज्रेश्वरी येथे झालेल्या दोन दिवसांच्या युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'नेतृत्वाची निवड' असा विषय दिला होता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नेतृत्वावर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून मला थोडंफार कळतं त्यावर बोलतो, फुटबॉलवर. त्याला कारणही आज सकाळीच मिळालं. अकलोलीच्या गरम कुंडांवरून परत येताना आपल्यातल्या काही जणांचा वाद चालला होता. भारताचा संघ नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ असा हरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग कोच खालिद जमील यांना ठेवावं की काढावं?

एक जण म्हणाला, "आपला माणूस आहे, त्याला वेळ द्यायला पाहिजे." दुसरा म्हणाला, "आपला माणूस आहे म्हणूनच त्याला वेळ मिळणार नाही." मी मागून चालत ऐकत होतो. दोघांच्याही वाक्यात 'आपला माणूस' होता, फुटबॉल कुणाच्याच वाक्यात नव्हता. तिथूनच सुरुवात करतो.

आधी त्यांना जागा कोणत्या परिस्थितीत मिळाली ते पाहू. जून २०२४ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडला आणि इगोर स्टिमाच यांना काढलं गेलं. त्यांचा करार २०२६ पर्यंतचा होता, त्यामुळे नुकसानभरपाईचा वाद झाला. त्यानंतर मानोलो मार्केझ आले. ते त्याच वेळी एफसी गोवा या क्लबचेही कोच होते. म्हणजे देशाच्या संघाला अर्धवेळ कोच. २०२४ च्या पूर्ण वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून हरल्यावर महिन्याभरात मार्केझही गेले. फिफाच्या क्रमवारीत भारत १३३ व्या स्थानावर होता.

मग जाहिरात निघाली आणि १७० अर्ज आले. मध्येच बातमी फुटली की स्पेनच्या झावीनेही अर्ज केला आहे. दोन दिवस सगळ्या देशात झावीचीच चर्चा. त्याचा पगार परवडेल का, तो येईल का. नंतर महासंघाने सांगितलं की तो ईमेल खरा नव्हता. त्या दोन दिवसांत 'या संघाला नेमकं काय हवंय?' हा प्रश्न मला तरी कुणी विचारलेला दिसला नाही. शेवटी तीन नावं उरली: स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्टेफान टार्कोविच आणि खालिद जमील. १ ऑगस्ट २०२५ ला जमील यांची निवड झाली. गोव्याच्या साव्हियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस भारताचा मुख्य कोच झाला.

त्या दिवशी आमच्या भिवंडीतल्या ग्रुपवर मुबारकबादीचे मेसेज सुरू झाले. मीही टाकला. पण त्यातल्या किती जणांना मुंबई एफसीची गोष्ट ठाऊक होती? ती सांगतो, कारण ती आपल्या शेजारची आहे.

मुंबई एफसी हा २००७ साली सुरू झालेला व्यावसायिक क्लब. त्याचं मैदान कूपरेज. खालिद जमील आधी तिथे खेळाडू होते आणि २००९ पासून कोच. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी. तरी सात वर्षं त्यांनी हा संघ आय-लीगच्या वरच्या श्रेणीत टिकवून ठेवला. करंडक मात्र आला नाही. खेळही बघायला फार देखणा नव्हता. आधी बचाव भक्कम करायचा, मग संधी मिळाली की लांब चेंडू टाकून धावायचं. लोक कंटाळले. २०१६ मध्ये क्लबने त्यांना जाऊ दिलं.

पुढच्या हंगामात मुंबई एफसीने नवा कोच आणला. निकाल बिघडले तसा हंगामाच्या मध्येच तो बदलून आणखी एक आणला. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि पुन्हा वर आला नाही.

त्याच हंगामात जमील मिझोरमच्या आयझॉल एफसीत गेले. हा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत गेलेला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला परत जागा मिळाली होती. जमील यांनी सोबत मुंबईचे आशुतोष मेहता आणि जयेश राणे यांना नेलं. हे दोघेही पूर्वी मुंबई एफसीत खेळलेले. ३० एप्रिल २०१७ ला आयझॉल भारताचा विजेता झाला, मोहन बागानच्या एका गुणाने पुढे राहून.

म्हणजे कोच तोच होता, पद्धतही तीच होती. मुंबईत ज्याला 'याच्याकडून एवढंच होणार' म्हटलं, तो आयझॉलमध्ये विजेता ठरला. मुंबई एफसीने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता: आपण जिंकत नाही ते कोचमुळे, की आपण त्याला दिलेल्या साधनांमुळे? माझ्या धंद्यात याला साधी सवय लागते. प्रोग्रॅम अडकला की आधी लॉग वाचायचा, नेमकं कुठे अडकलं ते शोधायचं. लॉग न वाचता माणूस बदलला तर नवीन माणूसही त्याच जागी अडकतो.

म्हणून अडचणीतल्या संघाने कोच निवडताना, नावं टेबलावर येण्याच्या आधी, तीन प्रश्न कागदावर लिहावेत असं मला वाटतं.

पहिला: हा माणूस येण्याआधी त्याच्या संघाकडे काय होतं आणि तो गेला तेव्हा काय होतं? करंडक मोजू नका, फरक मोजा. श्रीमंत संघाला पहिलं आणणं आणि कंगाल संघाला पाचवं आणणं, यात दुसरं काम कधीकधी मोठं असतं.

दुसरा: त्याची पद्धत आपल्या हातात असलेल्या खेळाडूंना जमेल का? झावीचा खेळ सुंदर आहे. पण चेंडू सतत आपल्याकडे ठेवायला तसे पाय लागतात.

तिसरा: कोणत्या गोष्टी त्याच्या हातात नाहीत? जमील यांना नेमलं तेव्हा इंडियन सुपर लीगचा हंगामच थांबवलेला होता. कराराचा वाद होता, मामला सुप्रीम कोर्टात होता. खेळाडूंना सामने नाहीत. पहिल्या शिबिराला एका मोठ्या क्लबने खेळाडूही सोडले नाहीत. तरी सप्टेंबरमध्ये संघाने ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या स्पर्धेत तिसरं स्थान मिळवलं. आणि ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरून आशियाई चषकाची वाट बंद झाली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांच्या बाजूचे फक्त पहिली सांगतात, विरोधातले फक्त दुसरी.

आता वेळेबद्दल. १९५० पासून भारताचे कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांचा संघ युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. दहा गोल! आज असं झालं तर कोच विमानातून उतरायच्या आधी त्याची हकालपट्टी होईल. रहीम यांना ठेवलं गेलं. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारत ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला. ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल होते. १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्णपदक. तेव्हा रहीम कॅन्सरने आजारी होते आणि पुढच्याच वर्षी वारले.

जुनी गोष्ट नको असेल तर अलीकडची घ्या. मुंबई सिटी एफसीने २०२१ मध्ये डेस बकिंगहॅम यांना आणलं. आदल्या हंगामात संघ विजेता होता. यांच्या पहिल्या हंगामात पाचवा आला आणि बाद फेरीही हुकली. क्लबने त्यांना काढलं नाही. पुढच्या हंगामात सलग अठरा सामने न हरता संघ साखळीत पहिला आला.

याचा अर्थ कुणालाच कधी काढू नये असा नाही. उगाच कुणाला चिकटून राहणं म्हणजे निष्ठा नव्हे. पण काढण्याची अटही नेमतानाच ठरलेली असावी: किती काळ, कोणतं उद्दिष्ट, कशावरून मोजणार. अट आधी लिहिली की काढताना अपमान होत नाही आणि ठेवताना उपकार होत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एक कबुली देतो. इंजिनिअरिंगला असताना मी आमच्या मोहल्ल्याच्या मुलांच्या संघाच्या कमिटीत होतो. आमचे कोच लूमवर रात्रपाळी करायचे आणि सकाळी सहाला मैदानावर हजर असायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. सलग चार सामने हरलो. मीटिंग झाली. कुणीतरी म्हणालं, चाचांना इंग्रजी येत नाही, लायसन्स नाही, बाहेरच्या संघांसमोर आपली शोभा होते. हात वर करा म्हणाले, मी केला. नवीन कोच छान ट्रॅकसूट घालून आला आणि दोन महिन्यांनी यायचा बंद झाला. मुलं पांगली. खूप उशिरा माझ्या लक्षात आलं की ते चार सामने आम्ही परीक्षांच्या दिवसांत खेळलो होतो, आमची सहा मोठी मुलं नसताना. हे सगळ्यांना माहीत होतं. त्या मीटिंगमध्ये कुणी उच्चारलं नाही, मीही नाही. चाचांना मी नंतर भेटलो. ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. तो चहा अजून घशात अडकलेला आहे.

आता सकाळच्या वादाकडे येतो. जमील यांच्या नावामुळे ज्यांना आनंद झाला त्यांची भावना मला समजते. ज्या समाजाला मोठ्या जागांवर आपली नावं कमी दिसतात, त्याला एखादं नाव दिसलं की बरं वाटणारच. पण विचार करा: नाव बघून आनंद मानायचा ठरवला, तर हरल्यावर नाव बघून बोट दाखवणाऱ्याला आपण काय उत्तर देणार? दोघांची मोजपट्टी एकच आहे. त्या माणसाने सात वर्षं मुंबई एफसीत आणि एक हंगाम आयझॉलमध्ये जे काम केलं, २०२१ मध्ये इंडियन सुपर लीगमधला पहिला पूर्णवेळ भारतीय मुख्य कोच होण्याइतका विश्वास मिळवला, तो त्याच्या कामाचा हक्क आहे. त्याला 'आपला माणूस' एवढ्यावर आणून ठेवणं म्हणजे ते काम पुसून टाकणं. तो आपला आहेच, जसा नेव्हिल डिसूझा आपला आहे आणि जयेश राणे आपला आहे.

सकाळी वाद घालणाऱ्या दोघांनाही मी उत्तर देत नाही, एक काम देतो. तुमच्यापैकी बरेच जण भिवंडीतल्या संघांच्या कमिट्यांवर आहात. एका संघाचा कोच पुढच्या महिन्यात निवडायचा आहे, हेही मला कळलं आहे. आज रात्री जेवण झाल्यावर, कुणाचंही नाव न घेता, एका कागदावर लिहा: आपल्या संघाला काय हवं आहे, आपण कोचला काय देऊ शकतो आणि किती दिवसांनी, कशावरून त्याचं काम तपासणार. सगळ्यांनी सह्या करा. मग नावं काढा.

आणि काढायची वेळ आलीच, तर हात वर करण्यापूर्वी तो कागद एकदा वाचा. आमच्याकडे तेव्हा कागद नव्हता.